साठीनंतरचे पहिले पान

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



साठीविषयी मराठीत एक म्हण आहे आणि ती फारशी दयाळू नाही. ‘साठी, बुद्धी नाठी’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. शाळेला साठ वर्षे झाली की तोरणे लागतात, सनई वाजते, स्मरणिका निघते. माणसाला साठ वर्षे झाली की कार्यालयात शाल आणि श्रीफळ मिळते, भिंतीवरचे एक घड्याळ भेट मिळते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते घड्याळ पाहण्याचे कारणच उरलेले नसते.

आज या सभागृहात शाळेच्या पहिल्या काही तुकड्यांचे विद्यार्थी बसले आहेत. मंत्रालये, रेल्वे, बँका, रुग्णालये, शाळा अशा ठिकाणी तीस-पस्तीस वर्षे काम करून त्यांतील अनेकजण निवृत्त झाले आहेत. त्यांच्या मागच्या रांगांमध्ये आजच्या विद्यार्थ्यांचे आईवडील आहेत. त्यांची नोकरी ऐन भरात आहे, आणि आपल्या मुलाने कोणता मार्ग धरावा याची चिंता त्यांच्या मनात सतत आहे. पुढच्या रांगेचा प्रश्न आहे, ‘आता काय?’ मागच्या रांगेचा प्रश्न आहे, ‘याचा पुढे उपयोग काय?’ हे प्रश्न दिसतात वेगवेगळे. परंतु एका माणसाच्या आयुष्यात ते दोन्ही एकत्र भेटतात. त्या माणसाची ही हकिकत आहे.

त्याचे आडनाव या सभागृहातील बहुतेकांना ठाऊक आहे, निदान एके काळी ठाऊक होते. अकरावीच्या गणितात संचांचा धडा येतो. फळ्यावर दोन वर्तुळे काढली जातात आणि ‘डी मॉर्गनचे नियम’ शिकवले जातात. ते नियम ज्यांच्या नावाने ओळखले जातात, ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले. त्यांचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. ऑगस्टस पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. दिल्लीकरांनी त्यांची आणखी एका कारणासाठी आठवण ठेवायला हवी. जुन्या दिल्ली कॉलेजातील मास्टर रामचंद्र यांनी महत्तम आणि लघुतम मूल्यांच्या प्रश्नांवर लिहिलेला ग्रंथ १८५० साली कलकत्त्यात छापला गेला. तो ग्रंथ ऑगस्टस यांच्या हाती पडला, त्याचे मोल त्यांनी ओळखले, आणि १८५९ साली स्वतःची विस्तृत प्रस्तावना जोडून तो लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध होईल अशी व्यवस्था केली. दिल्लीतील एका शिक्षकाचे गणित अशा रीतीने युरोपच्या विद्वानांसमोर गेले.

परंतु आजची हकिकत ऑगस्टस यांची नाही. ती त्यांचा मुलगा विल्यम याची आहे. विल्यम डी मॉर्गन १८३९ साली लंडनमध्ये जन्मला. ज्या वर्षी वडिलांनी रामचंद्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच वर्षी, म्हणजे १८५९ साली, मुलाने रॉयल अकादमीच्या चित्रशाळेत प्रवेश घेतला. गणितज्ञाच्या घरातला मुलगा चित्रकार व्हायला निघाला होता. पालकहो, त्या घरात त्या दिवशी काय बोलणे झाले असेल, याची कल्पना आपल्याला निराळी करून देण्याची गरज नाही.

विल्यम मोठा चित्रकार झाला नाही. हे त्याचे त्यालाच लवकर उमगले. विल्यम मॉरिस आणि बर्न-जोन्स या कलावंतांशी त्याची मैत्री जमली, त्यांच्या संगतीत तो काचेवरच्या रंगकामाकडे वळला, आणि तिथून मातीकडे. रंगीत काच भट्टीत भाजताना चांदीच्या रंगावर एक विलक्षण झळाळी उमटते, हे त्याने पाहिले आणि ती झळाळी मातीच्या भांड्यांवर आणता येईल का, या प्रश्नाने त्याला पछाडले. जुन्या मूर आणि इटालियन कारागिरांना ही विद्या अवगत होती. मधल्या काळात ती विस्मृतीत गेली होती. विल्यमने घराच्या तळघरातच भट्टी मांडली. प्रयोगांच्या भरात एकदा घराच्या छपरालाच आग लागली, तेव्हा ती जागा सोडावी लागली. १८७२ साली तो चेल्सी भागात गेला, तिथून १८८२ साली मर्टन अ‍ॅबीला, आणि १८८८ साली फुलहॅमला.

ज्यांना कारखानदारी ठाऊक आहे, त्यांना या स्थलांतरांमागचा खर्च आणि मनस्ताप सांगायला नको. प्रत्येक ठिकाणी नवी भट्टी, नवी माणसे, नवे कर्ज. परंतु या सगळ्यांत त्याच्या हातून जे निर्माण होत गेले, ते असाधारण होते. भिंतीवर बसवायच्या टाइल्सवर त्याने मोर, मासे, जहाजे, कल्पनेतले प्राणी आणि इराणी-तुर्की वळणाची फुले चितारली. त्याचा निळा आणि हिरवा रंग पाहिल्यावर माणसे थबकत. लॉर्ड लेटन या चित्रकाराने पूर्वेकडील देशांतून जमवलेल्या जुन्या टाइल्स आपल्या घरातील अरबी दालनात बसवायच्या ठरवल्या, तेव्हा ते काम त्याने विल्यमवर सोपवले. जिथे जुन्या टाइल्स कमी पडल्या, तिथे विल्यमने नव्या घडवून दिल्या. पी. अँड ओ. कंपनीची जी प्रवासी जहाजे हिंदुस्थान आणि त्याही पलीकडे ये-जा करीत, त्यांतील अनेक जहाजांवर त्याच्या टाइल्सची चित्रे लावली गेली.

त्याची कामाची एक पद्धत येथे सांगायला हवी. मूळ आकृती पातळ कागदावर रंगांनी काढली जाई. तो रंगवलेला कागद टाइलवर चिकटवीत, त्यावर झिलईचा थर देत आणि टाइल भट्टीत जाई. भट्टीत कागद जळून जाई. रंग मात्र झिलईखाली कायमचे बसत. या पद्धतीमुळे एक सोय झाली. डॉक्टरांना विल्यमच्या पाठीच्या कण्याला क्षय झाल्याची शंका आली. त्याच्या भावंडांपैकी काहींना याच रोगाने नेले होते. हिवाळा उबदार हवेत काढावा, असा सल्ला मिळाला आणि १८९०च्या दशकापासून तो दरवर्षी हिवाळ्यात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी राहू लागला. तिथे रंगवलेले कागद टपालाने लंडनला जात, आणि फुलहॅमच्या भट्टीत त्यांच्या टाइल्स होत. डॉक्टरांची शंका पुढे चुकीची ठरली. परंतु मालक परदेशी आणि कारखाना लंडनमध्ये, अशी वर्षानुवर्षे गेली. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरे झाले नाही.

व्यवहार मुळातच त्याच्या हातचा नव्हता. गणितज्ञाच्या या मुलाला हिशेब जमला नाही. एखादा रंग मनासारखा उतरेपर्यंत तो पुन्हा पुन्हा भाजत राही आणि त्यात नफा निघून जाई. १८८७ साली त्याचे लग्न एव्हलिन पिकरिंग हिच्याशी झाले. ती स्वतः उत्तम चित्रकार होती, आणि तिचा पैसाही या भट्टीत गेला. शतक पालटता पालटता लोकांची आवडही पालटली. टाइल्स पूर्वीपेक्षा सरस होत होत्या आणि गिऱ्हाईक कमी कमी होत होते. १९०७ साली कारखाना बंद झाला. सुंदर वस्तू करता याव्यात म्हणून आयुष्य घालवले, आणि त्या करता येऊ लागल्या तेव्हा त्या कुणाला नकोशा झाल्या, अशी व्यथा त्याने बोलून दाखवली. त्याचे वय त्या वेळी सदुसष्ट होते. पस्तीस वर्षांहून अधिक काळच्या उद्योगाचा ताळेबंद मांडला असता, तर तो तोट्याचाच निघाला असता.

याच तोट्याच्या काळात दुसरी गोष्ट सुरू झालेली होती.

साठी ओलांडेपर्यंत विल्यम डी मॉर्गनने कादंबरीचे एकही पान लिहिलेले नव्हते. तो वाचक होता. लहानपणापासून डिकन्स त्याच्या अंगात भिनलेला होता. कारखान्याची चिंता सोसत असताना, थोडा चाळा म्हणून, त्याने एका गोष्टीची सुरुवातीची काही पाने लिहिली आणि ती त्याला टाकाऊ वाटली. त्याने ती बाजूला सारली. पुढे तो आजारी पडला, मनानेही खचला होता. एव्हलिनला ती टाकून दिलेली पाने सापडली. तिने ती वाचली, त्याच्या अंथरुणाशेजारी ठेवली, सोबत एक पेन्सिल ठेवली, आणि काही न बोलता ती निघून गेली. ती परत आली तेव्हा तो लिहीत होता.

ही कादंबरी म्हणजे ‘जोसेफ व्हान्स’. लिहून झाली तेव्हा ती अवाढव्य झाली होती. एका प्रकाशकाने ती परत केली. टंकलेखनासाठी दिलेले हस्तलिखित टाइप करताना तिथली मुलगी रडत होती, आणि ते पाहून पुस्तकाकडे लक्ष वेधले गेले, अशी एक आठवण सांगितली जाते. अखेर १९०६ साली हाइनेमान या प्रकाशनाने ती काढली. लेखकाचे वय सहासष्ट वर्षांचे होते. इंग्लंड आणि अमेरिका, दोन्हीकडे पुस्तकाचे स्वागत झाले. जुन्या काळचा एखादा कादंबरीकार पुन्हा अवतरला आहे, असे समीक्षक म्हणू लागले. पाठोपाठ १९०७ साली दुसरी कादंबरी आली, १९०८ साली तिसरी, १९०९ साली चौथी. १९१४ पर्यंत सात कादंबऱ्या झाल्या. मातीने जे कधी दिले नव्हते ते, म्हणजे नाव आणि पैसा, कागदाने काही वर्षांत दिले.

येथे थांबून कुणी म्हणेल, की मग त्याने आयुष्य वाया घालवले. पंचविसाव्या वर्षीच लिहायला बसला असता, तर तीस कादंबऱ्या झाल्या असत्या. हा हिशेब पालकांना पटण्याजोगा आहे. परंतु ‘जोसेफ व्हान्स’ उघडून पाहिली, की तो टिकत नाही.

या कादंबरीचा निवेदक जो हा एका दारुड्या मजुराचा मुलगा आहे. त्याच्या बापाची नोकरी सुटते. तेव्हा तो एका फेरीवाल्याकडून जुनी पाटी विकत घेतो. पाटीवर कुणा बांधकाम व्यावसायिकाचे नाव आणि गटारे दुरुस्त करून देण्याची ग्वाही असते. बाप नावातले अक्षर बदलून घेतो आणि पाटी दारावर ठोकतो. त्याला त्या धंद्यातले फारसे काही कळत नाही. तरीही पाटी पाहून गिऱ्हाईक येते, आणि तो बेधडक कामाला लागतो. पुढे तो बडा कंत्राटदार होतो. हा प्रसंग वाचताना हसू आवरत नाही. पण तो पंचविशीतल्या, चित्रशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाला लिहिता आला असता का? पाटी आणि कौशल्य यांतले अंतर ओळखायला कारखाना चालवावा लागतो. मुकादम काम कसे टाळतो, गवंडी खोटे बोलताना कोणता शब्द वापरतो, चांगला कारागीर रागावला म्हणजे किती गप्प होतो, उधारी मागायला आलेला माणूस दारात कसा उभा राहतो, हे विल्यमने पस्तीस वर्षे रोज पाहिले होते. घरे, तळघरे, छपरे, भट्ट्या, स्टुडिओ हे त्याच्या कादंबऱ्यांत येतात, ते पुस्तकांतून उचललेले नाहीत. ज्या वर्षांना ताळेबंदाने तोटा ठरवले, त्याच वर्षांनी त्याच्या कादंबऱ्यांना माणसे पुरवली.

आणखी एक गोष्ट त्या भट्टीतून आली. विल्यम आराखडा आखून लिहीत नसे. पात्रे पुढे जातील तसा तो त्यांच्या मागे जाई. ज्याने आयुष्यभर भट्टीचे दार उघडेपर्यंत रंग कसा उतरला आहे हे न कळता वाट पाहिली, त्याला असे लिहिण्याची भीती वाटली नाही. वाट पाहणे आणि फसलेले पुन्हा करणे या दोन गोष्टी त्याच्या हाताला आधीच ठाऊक होत्या.

असे उदाहरण फक्त लंडनमध्येच सापडते, असे नाही. कन्नडचे थोर लेखक मास्ती वेंकटेश अय्यंगार १९१४ साली म्हैसूर संस्थानच्या सेवेत शिरले, वरिष्ठ प्रशासकीय पदांपर्यंत चढले, आणि १९४३ साली सेवेतून बाहेर पडले. कथा ते तरुणपणापासून लिहीत होते, हा डी मॉर्गनपेक्षा वेगळेपणा. पण ज्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी त्यांचे नाव भारतभर गेले, त्या सेवा संपल्यानंतरच्या आहेत. ‘चिक्कवीर राजेंद्र’ ही कोडगूच्या शेवटच्या राजाची कादंबरी १९५६ साली आली, तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. दरबारात हुकूम कसा निघतो, खुशामत कशी चालते, इंग्रज अधिकारी एखादे संस्थान कोणत्या पायऱ्यांनी गिळतो, हे त्या कादंबरीत ज्या बारकाईने येते, त्यामागे सरकारी कामकाजाचा तीन दशकांचा परिचय आहे. १९८३चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना याच कादंबरीसाठी मिळाला.

मास्तींची एक गोष्ट परप्रांतातील मराठी शाळेने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या घरची भाषा तमिळ होती. लिहिले त्यांनी कन्नडमध्ये. भाषा ही जन्माने मिळते तशीच ती जवळ केल्यानेही आपली होते. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि कार्यालयात इंग्रजी असते. यांतील कोणती भाषा साठीनंतर हाताशी येईल, हे त्या भाषेशी मधल्या वर्षांत किती संबंध ठेवला, यावर अवलंबून असते. डी मॉर्गन भट्टीवर असतानाही वाचत राहिला, मास्ती फायलींच्या राशीतही कथा लिहीत राहिले. निवृत्तीनंतर मोकळा वेळ मिळतो हे खरे. पण मोकळ्या वेळात लिहायला लागणारी भाषा मात्र निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळासोबत मिळत नाही. ती आधीच्या तीस वर्षांत थोडी थोडी सांभाळलेली असावी लागते.

आता या हकिकतीची दुसरी बाजू. ती सांगितली नाही, तर हे व्याख्यान अर्धे राहील.

विल्यम डी मॉर्गनला लिहायला जमले, कारण त्याच्या घरात एव्हलिन होती. तिने पेन्सिल ठेवली एवढेच नव्हे. भट्टी बुडत असताना घर तरले ते तिच्याही पैशावर आणि तिच्याही कामावर. ती स्वतः अखेरपर्यंत चित्रे काढीत राहिली. जानेवारी १९१७ मध्ये महायुद्धाच्या काळात विल्यम तापाने गेला. खंदकांतील सैनिकांमध्ये पसरलेला तो ताप, भेटीला आलेल्या एका सैनिकाकडून त्याला लागला, असे मानले जाते. त्याच्या दोन कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या होत्या. त्या एव्हलिनने पुऱ्या केल्या. १९१९ साली तीही गेली.

साठीनंतरच्या नव्या उद्योगाचे कौतुक करताना असा एक हात बहुधा नजरेआड होतो. आपल्या घरांत कार्यालयातून निवृत्त होणाऱ्याला निवृत्ती मिळते. स्वयंपाकघरातून निवृत्त होण्याची प्रथा अजून पडलेली नाही. या शाळेच्या माजी विद्यार्थिनींपैकी ज्यांनी चाळीस वर्षे घर चालवले, त्यांच्यापाशीही एक कारखाना चालवल्याचाच अनुभव आहे. त्यांच्या अंथरुणाशेजारी पेन्सिल ठेवण्याचे काम कुणाचे, हा प्रश्न त्यांच्या पतींना आणि मुलांना आज येथे विचारायला हरकत नाही.

आणि शेवटी काळाचा निकाल. विल्यम हयात असताना सगळ्यांना वाटत होते, की याचे टाइल्सचे काम फसले आणि कादंबऱ्या यशस्वी झाल्या. आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जे जतन करून ठेवले आहे, ते त्याचे मातीकाम आहे. लेटनच्या घरातील अरबी दालन पाहायला लोक आजही जातात. एव्हलिनच्या बहिणीने दोघांच्या कलाकृती चिकाटीने जमवल्या, त्यांचे चरित्र लिहिले, आणि तो संग्रह पुढे एका न्यासाकडे जपला गेला. कादंबऱ्या मात्र आता फार थोडे लोक वाचतात. ज्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळत नव्हते, त्यांची आज मोठी किंमत येते. आणि ज्या पुस्तकांवर एके काळी लोक तुटून पडले, त्यांच्यावर धूळ आहे. पन्नास वर्षांनी हा निकाल पुन्हा फिरेल का, हे कुणी सांगावे?

तेव्हा, ‘याचा पुढे उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या पालकांना या हकिकतीचे उत्तर असे आहे, की उपयोग कोणत्या वर्षी मोजायचा, तेच आधी ठरवता येत नाही. १९०५ साली मोजला असता, तर विल्यम पूर्ण अयशस्वी ठरला असता. १९१० साली मोजला असता, तर तो कादंबरीकार म्हणून थोर आणि कुंभार म्हणून फसलेला ठरला असता. आज मोजला, तर उलट. मोजणाऱ्याचे वर्ष बदलले, की उत्तर बदलते. बदलले नाही ते एकच: रंग मनासारखा उतरेपर्यंत पुन्हा भाजायचे, ही त्याची सवय. तीच सवय टाइलमध्ये दिसते, आणि तीच कादंबरीत. मुलाला एवढी एक सवय लागली, तर तो कोणत्या शाखेला गेला, याची काळजी थोडी कमी करता येईल.

‘आता काय?’ असे विचारणाऱ्या निवृत्त माजी विद्यार्थ्यांसाठी उत्तर याहून साधे आहे. प्रत्येकाने कादंबरीकार व्हावे, असे मुळीच नाही. डी मॉर्गनला त्यासाठी जी सवड, जी साथ आणि जे नशीब लाभले, ते सगळ्यांना लाभत नाही. अनेकांच्या निवृत्तिवेतनात औषधांचाच खर्च जेमतेम भागतो. पण रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये रात्रपाळी केलेल्या माणसाला जे ठाऊक आहे, ते पुस्तके लिहिणाऱ्या कित्येकांना ठाऊक नाही. बँकेच्या काउंटरमागे तीस वर्षे उभ्या राहिलेल्या बाईंनी पैसे काढायला आलेल्या माणसांचे जे चेहरे पाहिले, ते कुठेही नोंदलेले नाहीत. फाळणीनंतर वाढत गेलेली दिल्ली, इथल्या सरकारी वसाहती, दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांची आरक्षणे, महाराष्ट्र मंडळांचे गणेशोत्सव आणि त्यांत मराठी बोलताना अडखळणारी तिसरी पिढी, हे सगळे मराठीत लिहिण्याचे काम महाराष्ट्रातला लेखक करू शकणार नाही. ते इथल्याच कुणीतरी करायला हवे. ते कादंबरीच्या रूपाने आले तर उत्तम. आठवणींच्या चार पानांच्या रूपाने आले, तरीही शाळेच्या ग्रंथालयात त्यांना जागा आहे.

सुरुवात करताना पहिली पाने टाकाऊ वाटतील. डी मॉर्गनलाही वाटली होती. ती फाडू नयेत, एवढीच विनंती. ती घरात कुठेतरी राहू द्यावीत, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती सापडू शकतील. आणि ज्यांना ती सापडतील, त्या मुलांनी, सुनांनी, नातवंडांनी उपदेश न करता, फार कौतुकही न करता, ती आजोबांच्या किंवा आजींच्या उशाशी ठेवावीत, शेजारी एक पेन्सिल ठेवावी, आणि खोलीबाहेर जावे.

डी मॉर्गनच्या भट्टीत कागद जळत असे आणि रंग उरत असे. साठ वर्षांपूर्वी या शाळेत पाटीवर गिरवलेली अक्षरे केव्हाच पुसली गेली. ज्यांनी ती गिरवली, ती माणसे आज या सभागृहात बसली आहेत, आणि लिहायला लागणारी भाषा अजून त्यांच्यापाशी आहे. ‘साठी, बुद्धी नाठी’ या म्हणीला उत्तर द्यायचे असेल, तर वाद घालण्याची गरज नाही. उद्या सकाळी कागद घ्यावा आणि तारीख घालावी, एवढे पुरे.